पवळ्याचं काळं

धाऊ : ...तरी सांगतो, माती चांगली होती. तळ्याकाठची, मीच आणलेली. तडकायची नाय ती.

सकुबाई : तडकली असंल.

धाऊ : कुठं तडकलीय, दाखव. मडकं अख्खं हाय. वरचा झाकणाचा परळ अख्खा हाय. आणि आत बघ. पांढरं. चुन्यागत पांढरं.

सकुबाई : हाडं ती. जाळली की पांढरीच व्हायची.

धाऊ : मोकळी जाळली तर. कोंडून जाळली तर काळी, रंगाजोगी. लग्न होऊन आलीस तवापासून बघतेस आणि आज मला शिकवतेस? पेटत्या मडक्यात वारा शिरला गो. तवाच असं होतं.

सकुबाई : मग शहापूरवरनं डबा आणा. ऑइलपेंट. चकाकतो तरी.

धाऊ : डब्याचा रंग फासून म्हैसासूर नाचवू? उद्या बोहाडा, सोंगं नाचायची. आज सांजच्याला गावकी मुखवटा घेऊन येईल, काळं लावायला. काय दाखवू त्यांना? ही राख? ज्याच्या गोठ्याचं हाड, त्याच्या डोक्यावर सोंग. माझ्या बापानं नाचवलं, मी नाचवलं. आता लडकू नाचवंल. त्याच्याकडं त्याच्या मेल्या रेड्याच्या हाडांचं काळं घोटून तयार हाय.

सकुबाई : दुसरं मडकं लावा.

धाऊ : कशाचं? पवळ्या बैलाची होती तेवढी सगळी हाडं घातली. गेल्या शिमग्यात पुरला, वर पावसाळा जाऊ दिला, परवा उकरला. आता गोठ्यात काय हाय? पॉवर टिलर. त्याला हाडं असतात?

सकुबाई : पेज घ्या. गार होते.

धाऊ : थांब. हे लिंपण बघ.

सकुबाई : काय बघायचं त्यात.

धाऊ : हे माझं नाय. मी तळव्यानं लिंपतो. हे बोटांनी केलंय. आणि हितं. बांगडी उमटलीय.

(सकुबाई हात पदराखाली घेते.)

धाऊ : सकू.

सकुबाई : उमटली असंल. काचेची तर हाय. सोन्याची उमटली असती तर तुमीच दचकला असता.

धाऊ : तू उघडलंस.

सकुबाई : तुमी ओढ्यावर अंघोळीला गेलात तवा. आत लालभडक होतं. परळ बाजूला केला आणि समोर बसले. पुरतं पांढरं झालं तवा उठले. मग लिंपलं.

धाऊ : का गो? काय वाकडं केलं त्यानं तुझं? आपल्या ताटातला भात त्याच्या खांद्यावरनं आला.

सकुबाई : त्यानं नाय केलं काय. आणि त्याला तुमी काय कमी केलंत? मेला तर हळद लावलीत. पुरला तर नारळ फोडलात. आता रंग होऊन गावभर नाचणार, बाया ओवाळणार. मेलेला बैल वाजतगाजत येतो. माझी पोर जित्ती हाय, तिला अंगणात पाय ठेवायची चोरी.

धाऊ : ती परजातीत गेली.

सकुबाई : मुरबाडला गेली. वरती नाय गेली.

धाऊ : गावकीनं सांगितलं, मी नाय. पोर अंगणात आली तर सोंग दुसऱ्या घरात जाईल.

सकुबाई : मीपण तेच सांगतेय. मागल्या महिन्यात तुमच्यापुढं हात जोडले. पोटुशी हाय, सातवा लागलाय, दोन दिस येऊ द्या. तुमी काय बोललात? सोंग जाईल. आता गेलं. आता अजून काय जायचं राहिलंय? येऊ द्या तिला.

(धाऊ परळ मडक्यावर ठेवतो.)

सकुबाई : मी फोन लावते. नको असंल तर नको म्हणा.

(धाऊ मडकं उचलून अंगणात जातो. सकुबाई फोन कानाला लावते.)

अपेक्षा : बोल आये, पटकन. ह्यांचा डबा भरतेय, सेकंड शिफ्ट आहे.

सकुबाई : तू ये गो घरी. उद्या बोहाडा हाय.

अपेक्षा : बा हो म्हणाला?

सकुबाई : नाय म्हणाला नाय.

अपेक्षा : म्हणजे काय?

सकुबाई : सोंग गेलं घरातनं. लडकूकडं गेलं. आता गावकीचं भ्या नाय.

अपेक्षा : असं कसं गेलं?

सकुबाई : काळं बिघडलं.

अपेक्षा : अच्छा. मान गेला, आता मी चालते.

सकुबाई : तसं नाय गो पोरी.

अपेक्षा : तसंच आहे. मान होता तेव्हा एकदा बोलावलं असतंत ना, तर मी कुंपणाबाहेर उभी राहून बघून गेले असते. आत आलेच नसते. आता सोंगाच्या रिकाम्या खुंटीला मला नको टांगूस.

सकुबाई : मी तुझ्यासाठी...

अपेक्षा : माझ्यासाठी काय?

सकुबाई : काय नाय.

अपेक्षा : काळं कोणाचं लावलं होतं?

सकुबाई : पवळ्याचं.

अपेक्षा : पवळ्या गेला?

सकुबाई : गेल्या शिमग्यात.

अपेक्षा : आणि मला आज सांगतेस. इतके फोन झाले, आये. कोंबडी खुडूक बसली ते सांगितलंस. शेजारच्यांनी फ्रीज घेतला ते सांगितलंस.

सकुबाई : तुला वाईट वाटलं असतं.

अपेक्षा : शेवटचं पाणी कोणी पाजलं त्याला?

सकुबाई : तुझ्या बानं. ओंजळीनं.

अपेक्षा : बरं. ठेवते.

धाऊ : (मडकं घेऊन दारात येत) येते?

सकुबाई : नाय.

धाऊ : काय बोलली?

सकुबाई : पवळ्याला पाणी कोणी पाजलं, विचारत होती.

धाऊ : सांगितलंस?

सकुबाई : सांगितलं.

धाऊ : माझं काय विचारलं?

सकुबाई : नाय.

(धाऊ मडकं खाली ठेवतो.)

सकुबाई : पेज गरम करू?

धाऊ : राहू दे. ते लिंपण तेवढं पुसून टाक, बांगडीचं. गावकी आली की मी सांगीन, माती तडकली.