लिलाआत्याची कॅसेट

नको, चहा नको, तोतारामभाऊ — आणि स्टूलही राहू द्या, मी उभीच बरी. नाही हो, भांडायला नाही आले. काल संध्याकाळी आले असते तर भांडले असते, पोलिसात जाईन म्हणाले असते — कायदा शिकलेय ना मी, तोही दिल्लीत! — पण आज नाही. तुम्ही आत्ता विचारलंत ना, ताई, एवढं काय होतं त्या कॅसेटमध्ये? परवा विचारायला हवं होतंत. नाही — परवा मी सांगायला हवं होतं.

मला काय वाटलं होतं सांगू? वाटलं होतं, आत्या पेटून उठेल. माझी आत्या, शिंदखेड्याची लिलाबाई. भीमजयंतीला गावोगाव गायची, तिचे यजमान अभिमनफुवा ढोलकीला — आणि तो पाळणा तिचा, शब्द तिचे, चाल तिची. चौऱ्याऐंशी साली धुळ्याला कॅसेट काढली, दोनशे नग. कुणीतरी त्यातली एक मुंबईला नेली. मी दिल्लीत वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि खाली आपल्याकडच्याच एका पानवाल्याच्या टेपवर आत्याची चाल! आवाज दुसरीचाच — ती मोठी गायिका, तुमच्या दाराशी पोस्टर आहे तीच. आणि बाळाचं नाव काढलेलं. बाबासाहेबांचा पाळणा तो, आणि त्यात बाबासाहेबच नाहीत — नुसतं राजा, राजा. शेवटचं कडवंही छाटलेलं. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात गाणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असतं, गावाचंही — ‘लिला म्हणे शिंदखेड्याची’ — तेवढंच नेमकं नाही. मी ओला परकर हातात घेऊन तशीच रडले. त्याच दिवशी ठरवलं, परीक्षा झाली की घरी जायचं आणि दावा लावायचा. गाणाऱ्या बाईचा हक्क. मोठमोठ्या शब्दांत डायरी भरली मी.

आणि घरी आले तर सापडलं काय? आत्याच्या गळ्याला पांढरं फडकं. बाबांनी पत्रात लिहिलं होतं, घशाचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे. बरी! — आवाजाची पेटीच काढलेली, भाऊ. बोलते ती हातांनी. मी तावातावानं सांगतेय, तुझं गाणं चोरलंय, कोर्टात खेचू — आणि ती हसतेय, आवाजाशिवाय हसतेय, आणि समोरच्या लग्नात तेच गाणं लागलं तर मांडीवर ठेका धरतेय. मला राग आला. तिचा राग आला मला. ह्यांना काही कळतच नाही, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू?

मग संध्याकाळी फुवांनी पत्र्याच्या पेटीतून ती कॅसेट काढली. आठवड्यातून एकदा लावतात. आत्या टेपजवळ बसते, आणि भाऊ — आवाज टेपमधून येतो आणि ओठ तिचे हलतात. श्वाससुद्धा तिथंच घेते, जिथं तेव्हा घेतला होता. गाणं संपलं की ती पदर सारखा करते, लोकांसमोर उठल्यासारखी. फुवा म्हणाले, ‘पोरी, दावाबिवा ती नको म्हणी ऱ्हायनी. आते तिना आवाज तेवढाच शे.’ त्या पट्टीत आहे तेवढाच आवाज उरलाय तिला.

दुसरी प्रत? हिंडले की. महिनाभर हिंडले. त्या दोनशेंतली एक दीपनगरला कुणा प्रमिलाबाईंकडे होती, त्यावर नातवाच्या कविता भरलेल्या. मुक्ताईनगरला हळदीची गाणी. सगळीकडे तेच, जुनी कॅसेट म्हणजे कोरी कॅसेट! मी तर प्रमिलाबाईंना त्यांच्याच घरात सुनावलं — तुम्ही आपला ठेवा आपल्या हातानं पुसता म्हणून. त्या माउलीनं मला शेवग्याच्या शेंगांची भाजी वाढली आणि माफी मागितली. माझी!

तर परवा. इथले वकील म्हणाले, मूळ ध्वनिमुद्रण आणा, त्याची प्रत लागेल. आणि मी — हे मी वकिलांनासुद्धा सांगितलेलं नाही — मी आत्याला विचारलं नाही. ती मळ्यात गेली होती, फुवा अंगणात झोपलेले. पेटीला कुलूपही नव्हतं. कुणाच्या भल्यासाठी घेतलेलं विचारायचं कशाला, असं वाटलं. वाटलं म्हणजे काय, खात्रीच होती.

इथं आले तेव्हा तुमच्या काउंटरवर ढीग होता. प्रत्येकाची जुनी कॅसेट, तिला रबर लावून चिठ्ठी, चिठ्ठीवर तिच्यात नव्यानं भरायच्या गाण्यांची नावं. बघितला होता मी तो ढीग. माझ्याही चिठ्ठीवर मी पाळण्याचं नाव लिहिलं — ह्याची प्रत काढा, अशा अर्थानं — आणि रबराखाली सरकवलं. तुम्ही विचारलंत, ‘जपून ठेवायचं आहे का काही हिच्यात?’ — विचारलंत तुम्ही, मला आठवतंय — आणि मी म्हणाले, नाही, जुनीच आहे, काही विशेष नाही. का? कारण मला वाटलं, हा कॅसेटवाला. ह्याला कळलं की हेच मूळ गाणं, तर हा मुंबईच्या कंपनीला कळवेल, नाहीतर दाबून ठेवेल. तुमच्याकडे बघून असं वाटलं मला. तुमच्या कपाळावर लिहिलं होतं का? नाही. पण मी वाचलं.

आणि तुम्ही किती नीट काम केलंत, भाऊ. पुसली जाऊ नये म्हणून मागचे दोन बारीक तुकडे मोडलेले होते, त्या भोकांत कागदाचे बोळे बसवलेत. चिठ्ठीवर एकच गाणं, तर त्या पोस्टरवालीचा पाळणा भरलात आणि उरलेली जागा वाया जाऊ नये म्हणून तिचीच बाकीची गाणी. दोन्ही बाजू. अक्षर सुंदर आहे तुमचं. काल मैत्रिणीच्या खोलीवर टेप लावला तर पहिल्या सुरालाच — नाही, ते सोडा.

तरी शेवटपर्यंत ऐकली मी. अख्खी. आणि पहिल्या बाजूच्या अगदी टोकाला तुमचं भरणं संपतं, खर्रर्र होतं, आणि आत्या बोलते. गात नाही. धुळ्याच्या त्या मशीनवाल्याला विचारते, ‘झालं का, भाऊ?’ बस. तेवढंच. पुढे पट्टी संपते.

रडू नका हो. तुम्ही कशाला — आणि कॅसेट का उचललीत? काय? तेवढा तुकडा काढून मोठा करून देता? नको. मशीनला हात लावू नका. काल मी पण असेच मार्ग काढत होते. पेटीत गुपचूप परत ठेवू. पट्टी अडकली म्हणू. तुमच्यावर घालू — ते तर फार सोपं होतं, तक्रारीचा कागदही लिहून झाला होता, तुमच्या नावासकट. सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं आणि तो फाडला. आत्यानं पेटी उघडण्याआधी पोचायचं. तिच्या हातात कॅसेट द्यायची आणि सांगायचं, मी न विचारता नेली, मी पुसली. दुकानाचं नाव घ्यायचं नाही. दाव्याचं तोंडातून काढायचं नाही. आणि तिनं लाव म्हटलं तर लावायची, आणि तिचे ओठ हलायचे थांबतील तेव्हा उठून बाहेर जायचं नाही. तिथंच बसायचं.

शिंदखेड्याला जायला सुरत पॅसेंजर आहे ना अजून? मग द्या ती इकडे. द्या म्हणते ना. — आणि ते गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे, त्याचं बघा.