वत्सलाबाईंचं नाव कुणी कापलं?

मंडळी, मोबाइल जरा पालथे ठेवा आणि सांगा — एकानं दुसऱ्याची वस्तू उचलली, पण घरी नेली नाही, गावभर वाटून टाकली. ही चोरी की दान? काय म्हणालात मागून? दान? शाबास! मग ऐकाच!

निफाडजवळच्या एका गावात वत्सलाबाई गांगुर्डे राहत. नवरा रंगनाथ, एसटीत कंडक्टर. तो वारला. बाईंनी त्याच्यावर लेख लिहून फेसबुकवर टाकला, खाली स्वतःचं नाव. धाकटे दीर सोपानराव यांनी वाचला, डोळे पुसले — आणि अंगठा उचलला!

अहो, तिथं शेअरचं बटण होतं. ते दाबलं की लिहिणाऱ्याचं नाव सोबत जातं. पण यांना लेख व्हॉट्सॲपवर धाडायचा! मजकूर कॉपी केला; शेवटी बायकोच बोलते, म्हणून शेवट आणि नाव सोडून दिलं. का? "घरच्याच बाईचं नाव? लोक म्हणतील, गांगुर्डे आपलीच टिमकी वाजवतात!" काय हा विनय! नाव वहिनीचं कापलं — आणि विनयी कोण? हे!

लेख निघाला. नाशिक, पुणे, थेट दुबई! कुणी गुलाब चिकटवले, कुणी खाली लिहिलं, 'लेखक : अज्ञात'. मंडळी, हा अज्ञात केवढं लिहितो हो! झोपतो तरी कधी?

वर्षश्राद्धाला मांडव भरला. फोटोशेजारी सोपानराव उभे, हातात मोबाइल — आणि विनय अजून तसाच!

"कुण्या अज्ञात लेखकाचं आहे, पण आपल्या दादाला तंतोतंत लागू पडतं!" — आणि वाचू लागले, "पूजा झाली की ते देवघरातली घंटा दोनदा वाजवायचे. म्हणायचे, चला, सोडा गाडी!"

वत्सलाबाई उठल्या. "लागू पडणारच, भाऊजी. त्यांच्यावरच आहे ते. मी लिहिलंय."

कुजबुज! एक म्हातारी म्हणाली, "दुःखानं भ्रमिष्ट झाली गं पोर!" सरपंच म्हणाले, "वहिनी, मला तर हे दुबईहून आलंय!" दुबईहून आलं — संपलं! आता गावची बाई खोटी!

सोपानराव समजुतीनं म्हणाले, "वहिनी, चांगला विचार कुणाचा का असेना..."

"विचार नाही, भाऊजी. माझा नवरा आहे तो! शेवट वाचा."

"इथंच संपतंय."

"नाही संपत. मी लिहिलं होतं — दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी घंटा एकदाच वाजवली. एक घंटा म्हणजे थांबा. ते थांबले नाहीत."

 सोपानरावांचा हात खाली आला. याच ओळीवर तर त्यांनी डोळे पुसले होते!

"वहिनी... मीच कापलं."

"मग आता पहिल्यापासून वाचा. नावासकट."

वाचलं हो! सगळ्यांसमोर वाचलं. सरपंच गहिवरून म्हणाले, "वहिनी, आत्ताच सगळ्यांना पाठवतो!"

मंडळी, अभंगातलं संताचं नाव गाळून मी खाली बसलो, तर तुम्ही माझा फेटा उडवाल. उडवायलाच हवा! पण सरपंचांनी धाडलेला तो लेख आज दुपारी मलाही आला. घंटेची ओळ आहे. गुलाब तर दुप्पट आहेत. बाईंचं नाव मात्र नाही — आणि मला तो पाठवणारा याच मंडपात बसलाय!