वेचलेले दगड

—नाही हो, वाळू कुठली! मलाही तसंच वाटायचं, श्रीहरीभाऊ. जोधपूरला मातीचं शिकायला निघाले तेव्हा वाटलं, वाळूचे डोंगर असतील, उंट असतील, संध्याकाळी सगळं सोनेरी — आणि कॉलेजवाल्यांनी पहिल्यांदा नेलं कुठे? एका माळावर. लालसर चपटे दगड, भाकरी पसरून ठेवल्यासारखे, मधून मधून माती — आणि माती तरी किती, बोट खुपसलं की खाली कातळ. वाळूच्या दगडाचा कातळ. मी बघतच राहिले. हे तर आमचं बरड! हेच, तुमची ट्रॉली उभी आहे ते. इतक्या दूर रेल्वेनं जाऊन मी आमच्याच वावरात उतरले होते. आणि मी काय केलं माहीत आहे? वाकले आणि दगड वेचायला लागले. खरंच सांगते, कोणी सांगितलं नव्हतं, हातच गेले — ओढणीत भरतेय भराभर. आमच्या मॅडम तिकडून ओरडल्या, "अरे, पत्थर मत उठाओ!" पोरं हसली — ही काय झाडलोट करायला आली का म्हणून. हसा, तुम्हीही हसा. पण ट्रॉलीचा फाळका पाडू नका. मी या ढिगावरून उठणार नाही.

बाबा हो म्हणाले, माहीत आहे मला. आमच्या टोलीवरचा, वस्तीचा रस्ता होणार, त्याला दगड लागतात, आणि बाबांचा हा ढीग तयारच आहे — पैशाचा प्रश्नच नाही, बाबांना तर आनंद झाला. काल जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांना सांगत होते, "आता विहारापर्यंत माह्या दगडावरून चालसान बापा!" निळा फेटा बांधून नाचले ते. तुम्हीच तर हात धरून नाचवलं त्यांना. आज पाय धरले असतील, म्हणून उशीर होतोय, नाहीतर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आमचं घर इथे असतं. दरवर्षी. तो आमचा दगडवेचणीचा दिवस. लोक जयंतीच्या दुसऱ्या दिवशी झोपतात, आम्ही टोपल्या घेऊन निघायचो. आजोबांपासून. गावानं आजोबांना हाच तुकडा दाखवला ना — खाली नाल्याकडची काळी कन्हार, कसदार जमीन दुसऱ्यांची, आणि तुम्हाला हे बरड, घ्या, खा दगड. तर आजोबा म्हणाले, ठीक आहे, एकेक दगड उचलू. आईला इथेच विंचू चावला, तरी ती पाय बांधून पुन्हा वेचायला आली. मॅडम म्हणू नका हो मला — संघप्रिया म्हणा, तुमच्या ट्रॉलीत बसून जत्रेला गेलेली आहे मी. आता ऐका.

खुशालकाकांचा तुकडा बघा. तो, धुऱ्याच्या, बांधाच्या पलीकडचा. हो, तोच, जिथे एक दगड कोणी हलवला नाही. काका वेचायला बसले की कंबर दुखायची, मग म्हणायचे ड्यूटी आहे, आणि मोटारसायकलला किक मारून घुग्घुसला पसार! पाऊस पडला की दगडांमधून नांगर कसातरी फिरवायचा, तीळ फेकायचे, की झाले शेतकरी. आजोबा त्यांना आळशी ढोर म्हणायचे. सगळं गाव हसायचं. आणि तरी काकांचा तीळ कमरेएवढा आणि आमचा गुडघ्याएवढा — का? गाव म्हणायचं खुशालचं नशीब. बाबा म्हणायचे, आपण अजून पुरते दगड नाई वेचले.

काल मिरवणूक संपली आणि मी सब्बल, घरातली पहार, घेऊन इथे आले. उजेड होता अजून. सहज आले, मला वाटलं होतं दोन्ही तुकडे सारखेच निघतील. काकांच्या तुकड्यात एक दगड उलटवला — वर चटका बसेल इतका तापलेला, आणि खाली हात लावला तर ओल. एप्रिलात, भाऊ! सब्बल घातली, वीतभर गेली, मग कातळाच्या भेगेत अडकली. चारोळीच्या झाडाची मुळी त्या भेगेतूनच खाली उतरलेली. मग आमच्या तुकड्यात आले, बाबांच्या, स्वच्छ, अंगणासारख्या — आणि सब्बल मारली तर ठण्ण. इकडे मारली, ठण्ण. दोन बोटं माती. कुठे तर तीही नाही. जोधपूरला वारा नेतो, आपल्याकडे पाऊस नेतो, एवढाच फरक. ही माती पातळ असते, भाऊ. गरीब नाही, नापीक नाही, सरकारी कागदांवर लिहितात तशी पडीकही नाही — पातळ. कातळावर टाकलेली चादर. आणि दगड तिचं छप्पर. थेंब दगडावर फुटतो, मातीवर नाही. ऊन दगड खातो. आम्ही दरवर्षी ते छप्पर काढलं, टोपल्यांत भरलं आणि इथे आणून रचलं. आळशी काकांची माती राहिली आणि बाबांची —

नाही. त्यांना नाही सांगितलं अजून. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, का ते मला माहीत नाही. कसं सांगू? काल घरी गेले तर बाबा ओसरीवर बसून नखात गेलेली माती काढत होते — नखं आहेतच कुठे त्यांना, दगडांनी खाल्ली — आणि मला म्हणतात, "संघू, तू नसताना बी म्या एक साल चुकवलं नाई." मी जेवलेच नाही.

काय म्हणता? थाप मारू? कॉलेजचा काही प्रयोग आहे म्हणून दगड पसरायचे आहेत, असं सांगू? मीही रात्री तेच ठरवून झोपले होते. शहाणपणाचं वाटलं. आणि मग पुढच्या एप्रिलात? बाबा पुन्हा टोपली घेऊन येतील, मी पुन्हा थाप मारेन? कीव म्हणून? त्या माणसाची कोणी कीव केलेली मला चालणार नाही — माझी स्वतःचीही नाही! गावानं दगडच दिले म्हणून तो कधी रडला नाही. आणि मला रेल्वेत बसवताना काय म्हणाला माहीत आहे? खिडकीतून. "इतकं करून बी वावर काऊन देत नाई, काय चुकते आपलं, ते शिकून ये. अन् येऊन मले सांग." मले सांग म्हणाला. म्हणजे ऐकायची तयारी त्याची तेव्हाच होती, भीती मले होती. म्हणून आज सकाळी उठल्या उठल्या ठरवलं — सांगायचं. आणि सांगून गप्प नाई बसायचं. त्यानं एकेक वेचला, मी एकेक परत नेऊन ठेवीन. रस्त्याले दगड दुसरीकडून आणा. गाव हसन तं हसू द्या, आमाले काय नवीन आहे का? वेचताना बी हसतच होते. ते बघा, त्या कोपऱ्यात, सुरुवात केली म्या. चपटी बाजू खाली, असा —

…आलेच बाबा. टोपल्या आणल्या बघा, दोन. एक माह्यासाठी.

नाई, तुमी काई बोलू नका. एक शब्द नाई.

बाबा, इकडं या. टोपली ठेवा खाली. नाई, वेचू नका — बसा आधी, इथी, माह्याजवळ. — तुमी जा आता, श्रीहरीभाऊ. ट्रॉली घेऊन जा.