अध्यक्षांची सीलबंद प्रत

सन्माननीय अध्यक्षमहाशय, म्हणजे आपल्या सिनेमाच्या डिस्क संग्राहक मंडळाचे संस्थापक, निवृत्त दंतवैद्य आणि गेली चौतीस वर्षं माझे यजमान. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे नुसतं ‘दादा’ म्हणतो ते आपले दुकानदार. व्यासपीठावरच्या पोस्टातल्या बाई, ज्यांना आपल्याला इथे का बसवलंय याचा अजून पत्ता नाही. आणि घरी ‘पाच मिनिटांत आलो’ अशी थाप मारून इथे जमलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मंडळाची कार्यवाह म्हणून दादांना निरोप देण्याचं काम माझ्याकडे आलंय. अध्यक्षांनी निघताना बजावलं, “सहाच मिनिटं बोल. आणि घरचं काही काढू नकोस.” त्यातली पहिली अट पाळायचा मी प्रयत्न करीन.

दादांचं दुकान उद्यापासून बंद होणार. सव्वीस वर्षं आपण तो अरुंद जिना चढलो, वरच्या तुळईवर डोकं आपटलं आणि सीलबंद डब्या घेऊन खाली उतरलो. दादांना माणसांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. पण कोणी काय नेलं ते पक्कं ध्यानात! मला ते आजही ‘मूकपट, दोन डिस्कचा संच’ म्हणूनच ओळखतात. त्यांचे नियम दोन. फोडलेला माल परत घ्यायचा नाही आणि दुकानातला माल घरी न्यायचा नाही. हसताय काय? तुमच्यापैकी निम्म्यांनी त्या पहिल्या नियमावरून त्यांच्याशी भांडणं केली आहेत.

आमचे जावईबापू मला नेहमी विचारतात, “आई, हे सगळं फोनवर दिसतं. मग घरात या एवढ्या डब्या कशाला?” मी म्हणते, बाबा रे, तुझं म्हणणं मलाही पटतं, कारण त्या पुसायला मलाच लागतात. पण ‘तळघरातला ऑक्टोपस’चं काय झालं ते ऐक.

आता हा पिक्चर काय आहे, हे या सभागृहात कोणालाही सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पैसे नसलेल्या सात-आठ उत्साही माणसांनी तो काढला. ऑक्टोपस जुन्या रेनकोटांचा. त्याचे तीन हात चालतात, बाकीचे नुसते लोंबतात. आणि तो खलनायकाला पकडायला वळतो तेव्हा त्याच्या पाठीवरची चेन स्वच्छ दिसते. ती चेन दिसली की आपण उभं राहून टाळ्या वाजवतो. तो ऑक्टोपस कोणी शिवला होता? दादांच्या बायकोने, आपल्या वहिनींनी.

फोनवर हा पिक्चर दोन वर्षं होता. तिथे पिक्चर दाखवणाऱ्या कंपनीने आपली हुशारी दाखवून ती चेन पुसून टाकली. मग एके दिवशी अख्खा पिक्चरच काढून टाकला. कोणाला विचारलं? कोणालाही नाही. पण डिस्कवर चेन होती, आणि आणखी एक गोष्ट होती. एक बटण दाबलं की पिक्चरमधले संवाद बारीक होतात आणि तो बनवणारी मंडळी वरून गप्पा मारतात. त्या गप्पांत वहिनी आहेत. रेनकोट कुठून ढापले ते सांगता सांगता त्यांना हसू आवरत नाही, असं ऐकलेले सांगतात.

वहिनी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी दादा आमच्या घरी आले, चहा घेतला. मग म्हणाले, “डॉक्टर, तिचे फोटो ढिगाने आहेत. आवाज कुठेच नाही. तुमच्याकडची ती डिस्क एकदा लावाल का?”

दोनशेच प्रती निघाल्या होत्या. शेवटची दादांनीच अकरा वर्षांपूर्वी अध्यक्षांना विकली. माल घरी न्यायचा नाही ना! आपण सगळीकडे पत्रं धाडली. कोणाच्या डिस्कवर चरे, कोणाच्या डिस्कला बुरशी. चालेल अशी एकच प्रत उरली, आमच्या काचेच्या कपाटातली, सीलबंद. आणि अध्यक्ष काय म्हणाले? “दादा, तुमच्यासाठी काहीही करीन. पण वेष्टन फोडलं की संपलं हो सगळं.” दादा “बरोबर आहे, बरोबर आहे” म्हणत उठले आणि चपला उलट्या घालून गेले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि मला तुमचा भयंकर राग आला होता. हो, तुम्हालाच म्हणतेय.

अध्यक्षमहाशय, आता जरा पाणी प्या.

मागच्या महिन्यात तुम्ही दोन दिवस संग्राहकांच्या मेळाव्याला गेलात. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि मी कपाट उघडलं. भाजीच्या सुरीने वेष्टन कापलं. डबी उघडली. आत डिस्क होती, चकचकीत. तिच्यावर छापलं होतं: ‘पाठदुखीवर सोपे व्यायाम, भाग दुसरा’.

मंडळी, शांत व्हा. अध्यक्षांना हसू नका, निदान अजून नको. कारखान्यात अदलाबदल झाली होती. आणि अकरा वर्षं एका माणसाने, डोळ्यांत तेल घालून, पाठीच्या व्यायामावर पहारा दिला! उघडायचंच नाही म्हटल्यावर कळणार कसं? आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात काय काय असेल, घरी गेल्यावर बघा.

दादा जेवायला गेले असताना मी त्यांच्याच दुकानातल्या मशीनवर डबीला नवीन वेष्टन चढवलं आणि ती जागच्या जागी ठेवली. परवा पाहुणे आले होते. अध्यक्षांनी हातमोजे घालून डबी काढली आणि म्हणाले, “वेष्टनाचा ताण बघा. असं काम आता होत नाही.” त्याबद्दल आभारी आहे.

मग मला सुचलं, व्यायाम इथे आला तर ऑक्टोपस कुठे गेला? दादांना सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्या सुमाराला पाठीच्या व्यायामाचा दुसरा भाग कोणी नेला होता हो?” दादा लगेच म्हणाले, “पोस्टातल्या बाईंनी. आठवड्याने परत आणला. म्हणाल्या, हे व्यायाम मला जमायचे नाहीत. मी म्हटलं, फोडलेला माल परत नाही. रोज थोडं थोडं करा, जमेल.”

दादा, रडू नका. तुमच्या हातात ती डिस्क आली होती आणि तुम्ही ती परत पाठवलीत, हे मी मुद्दाम सांगतेय. म्हणजे अध्यक्षांना एकट्याला वाईट वाटायला नको.

या बाई मोठ्या गुणाच्या. त्यांनी ती फेकली नाही. त्यांच्या सासूबाईंना आवडली म्हणे. दर सुट्टीला दोघी तो पिक्चर लावून बसतात. परवा मी त्यांच्या दारात उभी राहिले, तर सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, “परत नेणार नाही ना?” नेणार नाही असा शब्द देऊन आजच्या दिवसापुरती मागून आणली आहे. चालते. सुरुवातीचं मिनिटभर बघितलं. त्या गप्पांचं बटण मात्र मी दाबलं नाही. ते पहिल्यांदा ऐकायचा मान माझा नाही.

अहो, कुठे निघालात? रागावलात का? मंडळी, अध्यक्षांना वाट द्या जरा.

बरं. ते प्लेअरपाशी गेलेत. डिस्क माझ्या पिशवीत आहे, निळ्या. हो, तीच. हातमोजे घरी राहिले वाटतं. राहू द्यात, नुसत्या हाताने कडेला धरा. दादांना ‘माफ करा’ म्हणताय ते माइकवर येत नाहीये, पण त्यांना ऐकू गेलं असेल.

तर मंडळी, मंडळाने मला बोलायची संधी दिली, सभागृहाच्या व्यवस्थापकांनी प्लेअर दिला, पोस्टातल्या बाईंनी आणि त्यांच्या सासूबाईंनी विश्वास दाखवला, या सगळ्यांचे मनापासून आभार. सव्वीस वर्षं डोकं आपटू दिल्याबद्दल दादांचेही. बोलण्याच्या भरात काही वावगं निघून गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. घरी जे व्हायचं ते माझं मी बघून घेईन.

दादा, तुम्ही इकडे या. पुढच्या खुर्चीवर नको, इथे, स्पीकरच्या शेजारी बसा. पंखा बंद करा रे कोणीतरी. वहिनींचा आवाज बारीक होता.