पांढरा धूर आणि कुलपातला कॅन

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर. व्यासपीठावरची विश्वस्त मंडळी. समोर बसलेल्या सिस्टर, ड्रायव्हर आणि वर्कशॉपमधले सगळे सोबती. आणि जिच्यासाठी हा हॉल आज भरलाय ती आपली मिस्त्रीताई, सर्वांना मनापासून नमस्कार.

वर्कशॉपचा प्रमुख म्हणून ताईंच्या एकतीस वर्षांच्या सेवेवर मी दोन शब्द बोलावेत, असं ठरलंय. दोन शब्दांत मी कधी थांबत नाही, हे मागे हसणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. हसा, हसून घ्या! पण कौतुक ताईंचं असलं, तरी गोष्ट माझ्या चुकीची आहे.

आपली 'म्हातारी' सर्वांना माहीत आहे. पाहुण्यांनी दचकू नये, म्हातारी म्हणजे आपली सर्वांत जुनी गाडी. जे रुग्ण अंथरुणावरून उठू शकत नाहीत, त्यांच्या जखमा बांधायला सिस्टर रोज सकाळी तिच्यातूनच घरोघर जातात. गेल्या वर्षी ही म्हातारी मागून पांढरा धूर ओकायला लागली. थंडीत कुठलीही गाडी थोडी वाफ सोडते आणि पाच मिनिटांत गप्प होते. ही काही गप्प होईना. चौकात थांबली की मागची माणसं खोकून खोकून आमचा उद्धार करायची.

मी काय केलं? लांबूनच पाहिलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "हेड गास्केट गेलं. इंजिनात पाणी जळतंय." विश्वस्तांना लेखी कळवलं की इंजिनात आता काही राम नाही, गाडी भंगारात काढा. दुसरी गाडी नव्हती. म्हणजे चाळीस घरांतली माणसं तशीच वाट बघत पडून राहणार होती. सही करण्याआधी एकदा बॉनेट तरी उघडलं का? छे! उलट सही जरा झोकातच केली.

ताई तेव्हा गाडीखाली होत्या. तिथूनच म्हणाल्या, "साहेब, पाणी जळतंय तर ऑइल दुधासारखं का नाही झालं? रेडिएटरमध्ये बुडबुडे का नाहीत? आणि मला सांगा, रोज पाणी किती कमी होतं?"

आता आली का पंचाईत! रोज सकाळी सर्वांच्या आधी येऊन सगळ्या गाड्यांच्या सगळ्या बाटल्या वरच्या रेघेपर्यंत भरायच्या, ही माझी वीस वर्षांची सवय. पाण्याची, ब्रेक ऑइलची, सगळ्या. माझ्या वर्कशॉपमधून एकही गाडी अर्ध्या बाटलीने बाहेर पडत नाही, असं मी येईल त्याला ऐकवायचो. पण कुठल्या बाटलीत किती घातलं, ते कधी पाहिलंच नव्हतं. हात आपोआप चालायचा.

"म्हणजे कमी काय होतंय ते तुम्हीच रोज पुसून टाकताय," ताई म्हणाल्या. "द्या इकडे ते कॅन!" पाण्याचा आणि ब्रेक ऑइलचा, दोन्ही कॅन त्यांनी स्वतःच्या कपाटात कोंबले आणि वर कुलूप घातलं. प्रमुखाच्या कॅनला कुलूप!

दोन दिवस ताईंनी म्हातारी आवारातच हळूहळू फिरवली. धूर वाढायचा तो ब्रेक दाबला की. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बॉनेटपाशी बोलावलं. पाणी होतं तिथेच होतं. ब्रेक ऑइल मात्र बोटभर खाली गेलं होतं. बाहेर कुठे थेंब नाही, जमीन कोरडी. मग ताईंनी ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरकडून इंजिनाकडे जाणारा पाइप काढला, तारेला फडकं गुंडाळून आत फिरवलं. फडकं ओलंचिंब. ब्रेकचं सील फाटलं होतं आणि इंजिन त्या पाइपातून ब्रेक ऑइल ओढून जाळत होतं.

इंजिन ठणठणीत होतं हो! मरत होते ते ब्रेक.

ताईंनी बूस्टर आणि ब्रेकचा सिलिंडर बदलला. मोठे डॉक्टर स्वतः पाहायला आले. गाडी सुरू केली आणि भसकन पांढरा ढग! मी खाली मान घातली. खोटं कशाला बोलू, माझंच खरं ठरलं म्हणून मनातून मला थोडं बरंही वाटलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "सायलेन्सरमध्ये साचलेलं जळतंय. थांबा जरा." दहा मिनिटांनी त्यांनी डॉक्टरांचा पांढराशुभ्र रुमाल मागून घेतला आणि सायलेन्सरमागे धरला. ना धूर, ना डाग. ड्रायव्हर मंडळींनी जो गलका केला, तो वॉर्डातल्या रुग्णांनी खिडक्या उघडून ऐकला. भंगाराचा कागद डॉक्टरांनी तिथेच टराटरा फाडला. आज म्हातारी बाहेर दारात उभी आहे. ताईंना घरी सोडायचा मान तिचाच.

आता एकच सांगतो आणि बसतो. पहिल्या रांगेत ज्या सिस्टर बसल्यात, डोळे पुसतायत त्या, त्या माझ्या सौभाग्यवती. रोज सकाळी त्यांना म्हातारीत बसवून मीच म्हणायचो, "सांभाळून जा गं." आणि त्याआधी माझ्याच हाताने ब्रेकची बाटली काठोकाठ भरून ठेवायचो, म्हणजे कुणाला काही दिसायला नको. एखाद्या उतारावर काय झालं असतं, ते मी आजही पुरतं मनात आणू शकत नाही. ताई, माझं घर तुमच्यामुळे उभं आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला आभारी आहे. बोलण्यात माझ्याकडून पुष्कळ काही कमी पडलं असेल. एरवी मी ते गुपचूप भरून टाकलं असतं. आज तसंच ठेवतो. ताईंनी बघावं आणि मला क्षमा करावी.