सरपंचबाईचं मानधन अन् मोहाची टोपली

जोहार, मंडळी. मागच्या बाया हो, पुढं सरका. मले भाषण करता येत नाई. चार दिवसांच्या तापात जानकीबाई गेली. आपली सरपंच गेली. माही शेजारीन गेली. कोन्या तोंडानं बोलू?

ती निवडून आली तवा आपन काय म्हनत होतो, आठवते? "आता हिची मजा! सरकारी पगार सुरू!" तिचा वेगळा राहनारा दीर तं म्हने, "वहिनी, आता मोहफुलं वेचाची काय गरज?" जानकीबाई हासली. म्हने, "भाऊजी, पगार आमदाराले भेटते. सरपंचाले मानधन भेटते, तेही येईल तवा येईल. त्यात तेल-मीठ निघते, घर नाई निघत."

मग मोहाचे दिवस आले. मोह पहाटे पडते, सकाळीच वेचा लागते, नाई तं बकऱ्या खातेत. अन् मीटिंगा नेमक्या सकाळच्या, तिकडं तालुक्याले, एटापल्लीले. ती पहिल्या बसनं जाये, घरी मांगं एक म्हातारी सासूच. दुसऱ्याच्या झाडाखाली हात लावाचा नाई, ही आपली रीत. तिची फुलं बकऱ्या खात, अन् आपन नुसतं पाहून राह्यलो होतो.

एक दिवस मले म्हने, "बाई, मी राजीनामा देतो. मोह इकूनच आमचं वरीस निघते. सरपंचकी मले परवडत नाई."

मी म्हनलं, "मंग कोनाले परवडते वं?"

"ज्याचं घर वरच्या पैशावर चालते, त्याले."

बाप रे! मले रातची भाकर गोड लागली नाई. आमी साऱ्या बाया बसलो, अन् ठरवलं, रीत मोडाची.

पुढच्या मीटिंगवरून ती आली, तं झाडाखाली एक फूल नाई. अशी ओरडली, अशी ओरडली! "कोन्या मेल्यानं माह्या झाडाखाली हात घातला? निघा बाहेर!" आमी पदरात हासून राह्यलो होतो. मंग ती आंगनात गेली. सारी फुलं तिच्याच चटईवर वाळत होती. मटकन खालीच बसली. रडली, हासली, अन् शिव्या मलेच देल्ल्या, "आधी काऊन नाई सांगतलं?"

राजीनामा चुलीत गेला. आज तुमी नाल्यावरच्या ज्या पुलावरून इथी आले, तो तिच्या त्या मीटिंगांचा आहे. ठेकेदार पाकीट घेऊन घरी आला होता. तिनं त्याले चहा पाजला, पाकीट त्याच्याच खिशात कोंबलं. अशी बाई होती! मले तिचा लय अभिमान आहे.

आता खुर्ची रिकामी आहे. कोन उभं राहते, मी सकाळपासून विचारून राह्यली. सारे खाली पाहतेत. मानधन वाढलंच पायजे, मुंबईच्या सरकारवाल्यायले मी तोंडावर सांगीन. पन तोपर्यंत? जे कोनी उभं राहीन, त्याच्या झाडाखालचा मोह हा टोला, ही आपली सारी वस्ती, वेचन. कबूल असन तं हात वर करा.

झाले वर. सारेच झाले.

आता उभे राहा. घडीभर कोनी बोलू नका. अन् उद्या पहाटे टोपल्या घेऊन तिच्या झाडाखाली या, तिची म्हातारी सासू घरी एकटी आहे.

जानकीबाई, तुले जोहार. उद्या झाडाखाली एक फूल दिसनार नाई. ओरडू नको, बाई. आमीच आहो.