वालाचा वास

बोईसरला, ह्या केमिकल कंपन्यांच्या शेजारी राहशील तेव्हा कळेल, वासाला माणूस किती घाबरतं ते. डॉक्टरांनी ह्यांचं दूध, मासे सगळं बंद करून भाकरी, पालेभाजी, मोडाचे वाल सुरू केले. मी वाल फडक्यात बांधले आणि विसरले. उकाड्यात ते असे कुजले, की जिन्यात ओरडा झाला, "कंपनीतून गॅस लीक!" अख्खी बिल्डिंग ओले रुमाल नाकाला लावून खाली पळाली. शेवटी ह्यांना ते गाठोडं सापडलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले.

काल संध्याकाळी पुन्हा तसाच वास आला. शेजारची भाभी हसतच दारात आली, "आज फिर वाल?"

मी म्हटलं, "भाभी, आज तो मैंने वाल भिगोयाच नहीं."